छत हवं की माळा? आधी घरातल्या बाईला विचारा!

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. पण मैत्रिणींनो, घर बांधताना घरातलं कोण काय पाहतं, याचा कधी विचार केलाय? पाया किती खोल घ्यायचा, सळई कुठली आणायची हे घरातले पुरुष आणि मिस्त्री ठरवतात. दार कुठल्या दिशेला ते वास्तू बघणारा सांगतो. फरशीचा रंग आणि ओट्याचा ग्रॅनाइट मात्र मोठ्या मनाने आपल्यावर सोडलेला असतो. ‘तुला आवडेल तो घे!’ आपणही खूश होतो. आणि पत्र्याखाली काय करायचं? छत मारायचं का? माळा काढायचा का? कशाचा काढायचा? हे मात्र पत्रे चढल्यावर, पैसे संपत आल्यावर कुणीतरी उभ्या उभ्या ठरवून टाकतं. त्या छताखाली दिवसाचे बारा-चौदा तास जिला काढायचेत, तिला कुणी विचारतच नाही.

मला वाटतं, घरातला हा एक निर्णय तरी बाईने आपल्या हातात घ्यायला हवा. ओट्याचा रंग चुकला तर डोळ्याला खुपेल. छत चुकलं तर पुढची वीस वर्षं डोकं भाजेल, नाहीतर डोक्यावर टांगती भीती राहील.

बारामतीहून इंदापूरला निघालं, भवानीनगर सोडलं की बेलवाडी, मग आमचं लासुर्णे. नीरा डाव्या कालव्याचा हा पट्टा. ऊस आला, कारखाना आला, हातात चार पैसे आले आणि घरं बदलली. आपल्या आज्यांची घरं माळवदाची होती. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर काटक्या-पाला अंथरून पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, चोपायची. माळवद गळायचं, त्यातून माती पडायची, पण चैत्र-वैशाखात आत शिरलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. पुढे कुणी मंगळुरी कौलं घातली. मग आला पत्रा. ज्याला जमलं त्याने स्लॅब टाकला. घर ‘पक्कं’ झालं आणि घरातला गारवा गेला.

असं का झालं, हे समजून घ्यायला अवघड काही नाही. जाड माती हळूहळू तापते. दुपारचं ऊन तिच्यातून खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पत्रा पातळ. सकाळी नऊलाच तापायला लागतो. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे असला की उन्हातला पत्रा साठ अंशांच्या पुढे सहज जातो आणि ती धग सरळ आपल्या डोक्यावर फेकतो. वर पंखा लावला तर तो वरचीच गरम हवा खाली ढकलतो. त्या वेळी घरात कोण असतं? स्वयंपाक करणारी बाई, बाळंतीण, तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेली सासू, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी. बापे माणसं तोवर लिंबाखाली नाहीतर पारावर टेकलेली असतात. म्हणून तर छत हा त्यांना ‘नंतर बघू’चा विषय वाटतो!

बाया काही गप्प बसल्या नाहीत. जुन्या साड्या एकाला एक शिवून पत्र्याखाली ताणून बांधणाऱ्या किती जणी तुम्ही पाहिल्या असतील. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरायचं, पोती भिजवून टाकायची, हे उपायही आपल्याच. कल्पना चांगली आहे, थोडा फरक पडतोही. पण साडी वाळलेली, पाचट वाळलेलं. एक ठिणगी पुरते. आणि नवं घर बांधताना लाखो रुपये घातल्यावरही बाईने साड्याच ताणायच्या का?

आता मुद्द्याची गोष्ट. पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा : मला छत हवंय की माळा? ही दोन वेगळी कामं आहेत. छत ऊन अडवतं, धूळ अडवतं, खोली देखणी करतं. त्यावर काही ठेवायचं नसतं. माळा वजन पेलतो. गोंधळ होतो तो इथेच. छत मारून घ्यायचं आणि दिवाळी झाली की त्यावर ट्रंका चढवायच्या. एका काकूंच्या घरी बोर्डाच्या छतावर बियाण्याची पोती ठेवली होती. पावसाळ्यात ती ओलावली, बोर्ड फुगला आणि एका रात्री सगळं पलंगावर आलं. नशिबाने पलंग रिकामा होता.

वजनाचा हिशोब बायकांना चांगला जमतो. दळण, बाजार, रेशन, सगळं आपण किलोतच मोजतो. मग छतही मोजू. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. एक फूट जाडीच्या मातीचं वजन एका चौरस फुटाला साधारण ४५ किलो भरतं. म्हणजे त्या खोलीवर ५४ क्विंटल! पाच इंची स्लॅब चौरस फुटाला ३० किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ३५ क्विंटल. अँगलवर एक इंची शहाबादी फरशी टाकून माळा केला तर चौरस फुटाला सहा किलो, सात-साडेसात क्विंटल. लोखंडाचं वजन वेगळं. सिमेंटच्या पातळ बोर्डाचं छत सांगाड्यासकट किलो-दीड किलो. आणि लोखंडी पत्रा अर्धा किलोसुद्धा नाही. अख्ख्या खोलीवर जेमतेम अर्धा क्विंटल.

हे आकडे कशासाठी? तर वजन डोक्यावर असतं तेव्हा ते कशावर टेकलंय, याला फार महत्त्व आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते ना? गणपती विसर्जनाची रात्र संपत होती आणि लातूर-उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि वरच्या माळवदाची टनावारी माती अंगावर आली. मात्र जिथे माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खांब-तुळयांच्या मजबूत खणांवर उभं होतं, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही खण उभे राहिले. आपल्या आज्या ‘पाच खणांचं घर’ म्हणायच्या, तो हाच खण. त्या भूकंपानंतर लोकांनी मातीच्या छताची धास्ती घेतली आणि पत्रा जवळ केला. ती धास्ती खोटी नव्हती. पण त्यातून घ्यायचा धडा एवढाच, की माळा जड असेल तर त्याचं ओझं खांबांवर किंवा कॉलम-बीमवर जायला हवं. नुसत्या विटांच्या भिंतीत चार अँगल खोचून त्यावर फरशा टाकणारा गवंडी भेटला तर त्याला जरूर अडवा.

तर मग, माळा हवा असेल तर आधी यादी करा. हे काम मिस्त्री करू शकणार नाही, नवरोबाही नाही. वर्षाचे गहू-ज्वारी किती, कडधान्याचे डबे किती, वाकळा-गाद्या किती, लग्नातली मोठी पातेली, गौरी-गणपतीचं सामान, पाहुण्यांची अंथरुणं. आपल्या रस्त्याने तुकोबांची पालखी इंदापूरकडे जाते. त्या दिवशी दारात किती पंगती बसतात आणि त्यासाठी माळ्यावरून काय काय उतरतं, ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? ५० किलोची दहा पोती म्हणजे पाच क्विंटल, वर चढणारं माणूस वेगळं. हा आकडा मिस्त्रीला आणि अँगलचं काम करणाऱ्याला सांगा आणि म्हणा, ‘दादा, एवढं वजन पेलेल असं करा.’ अँगल कुठला, किती अंतरावर, हे मग त्याने ठरवायचं. सगळ्या घरावर माळा काढायची गरजही नसते. अर्ध्या खोलीवर भक्कम माळा आणि उरलेल्या भागावर हलकं छत, हे खिशालाही बरं पडतं.

छत कशाचं करायचं? बाजारात आज ढीगभर प्रकार आहेत. थर्माकोलचं छत सगळ्यात स्वस्त आणि ऊन चांगलं अडवतं, पण आगीपुढे ते टिकत नाही. वितळून पेटते थेंब खाली पडतात आणि काळा विषारी धूर होतो. स्वयंपाकघरात तर ते नकोच. प्लास्टिकच्या पट्ट्यांचं छत पाण्याला घाबरत नाही, पुसता येतं, पण तेही गॅसच्या वर नको. पीओपी आणि जिप्समचं छत देखणं दिसतं, आगीलाही बरं. मात्र पत्रा एका जागी गळला की त्यावर पिवळे डाग पडतात आणि ते फुगतं. पत्र्याच्या घराला मला तरी सिमेंटचा पातळ बोर्ड जास्त भरवशाचा वाटतो. ओल सोसतो, पेटत नाही, वाळवी लागत नाही. घेताना तो ‘बिनअ‍ॅस्बेस्टॉसचा’ आहे ना, हे विचारून घ्या. जुन्या वाड्यांतली लाकडी तक्तपोशी आज परवडणार नाही, पण कुणाच्या जुन्या घराच्या सागवानी फळ्या निघाल्या असतील तर त्या फुकट घालवू नका. वाळवीचं औषध मारून त्यांचा उत्तम माळा होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपण ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, तो बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो. त्याची धूळ श्वासातून आत गेली की फुफ्फुसाचे आजार आणि कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली, इतरही अनेक देशांनी घातली. आपल्याकडे तो अजून विकला जातो. लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो म्हणून लोक घेतातही. नवं घर बांधताय तर तो टाळा. आधीच असेल तर त्याला भोकं पाडून छत टांगू नका, तो कापू-घासू नका आणि खाली पडलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नका. झाडू कुणाच्या हातात असतो, ते वेगळं सांगायला नको!

छताचा प्रकार कुठलाही घ्या, पण पत्रा आणि छत यांच्यामधली हवा वाहती ठेवा. ही गोष्ट हमखास विसरली जाते. मधली हवा कोंडली तर वर एक भट्टीच तयार होते आणि ती रात्री उशिरापर्यंत खाली धग देत राहते. म्हणून पत्र्याच्या खालच्या टोकाशी आणि वर आढ्याजवळ, दोन्हीकडे हवेला वाट हवी. गरम हवा वरून बाहेर जाते, खालून नवी आत येते. या वाटांना बारीक जाळी ठोकून घ्या, नाहीतर उंदीर आत जातात आणि उंदरांमागे साप. पत्र्याच्या खालच्या अंगाला चकचकीत फॉइलचं आवरण मिळतं, ते पत्रे चढवतानाच टाकलं तर धग बरीच परतवतं. मात्र फॉइलच्या खाली रिकामी जागा हवी. बोर्डाला चिकटवून टाकलं तर त्याचा गुण कमी होतो.

पत्र्याच्या वरच्या बाजूने पांढरा रंग देणं हा सगळ्यात सोपा उपाय. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात उष्म्याने फार माणसं गेली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याची योजना आखली. पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याची मोहीम निघाली. तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्तीतल्या बायकांनाच पुढे करून हे काम केलं. आपल्या डोक्यावर काय असावं हे त्या बायकांनी स्वतः शिकून घेतलं, शेजारणींना सांगितलं. आपल्या बचत गटात भिशी, पापड, मसाले यांच्या जोडीला हा विषय का नसावा?

स्लॅब टाकणाऱ्या मैत्रिणींनी ‘आपला काय संबंध’ म्हणू नये. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्याला परत करतो, हे तुम्ही मे महिन्यात अनुभवलंच असेल. आता बरेच जण गळती नको म्हणून स्लॅबवर पत्र्याचं शेड मारतात. चारी बाजूंनी मोकळं ठेवलं तर तो गारव्याचाही उपाय आहे. शिवाय वाळवणाला, पापड-कुरडयांना सावलीची जागा मिळते ती वेगळीच! केरळात लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या पोटात मंगळुरी कौलं घालून काँक्रीट वाचवायची पद्धत रूढ केली. जिथे काँक्रीटचं फारसं काम नसतं तिथे कौलं बसवायची. सिमेंट वाचतं, वजन घटतं आणि मध्ये हवेची पोकळी राहते. मात्र हे जाणत्या इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करायचं काम आहे.

घरकुलात राहणाऱ्या बहिणींसाठी तर हा विषय जास्तच जिव्हाळ्याचा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटांचं धरलंय. सपाटीवरच्या भागात केंद्राच्या योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. त्यात पाच-सहा माणसांचा संसार मावायचा तर भिंतीत जागा नाही, जमिनीवर नाही. उरते ती डोक्यावरची. छोट्या घरात माळा ही चैन नव्हे, ती एक जादा खोली आहे. आणि लक्षात घ्या, या योजनेत घर शक्यतो बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. कागदावर नाव आपलं, सही आपली, मग माळ्याबद्दल बोलायला संकोच कसला?

माळा हाताळणारीही आपणच, म्हणून अजून चार गोष्टी. पहिली, उंची. खोलीची उंची जमिनीपासून छतापर्यंत नऊ फुटांच्या खाली येऊ देऊ नका. त्याहून कमी झाली की कोंडल्यासारखं होतं आणि पंख्याचं पातं हाताला लागायची भीती. दुसरी, पंखा. तो छताच्या बोर्डाला कधीच टांगायचा नाही, वरच्या लोखंडी अँगललाच. तिसरी, वायरी. छतावरून जाणाऱ्या सगळ्या वायरी पाइपातून न्यायला लावा. उघडी वायर उंदराने कुरतडली तर ठिणगी वर पडते आणि आपल्याला वासानेच कळतं. चौथी, शिडी. स्टुलावर डबा, डब्यावर पाय आणि एका हाताने माळ्याची कड, अशी कसरत करताना किती जणींनी कंबर मोडून घेतली असेल! भिंतीला पक्की बसवलेली लोखंडी शिडी आणि छताला माणूस वर जाईल एवढी झडप, हे आधीच सांगून ठेवा. झडप नसेल तर वर उंदीर मेला तरी छत फोडावं लागतं.

‘एवढे पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न येणारच. रास्त आहे. पण खर्चाचा क्रम बदलून बघा. दर्शनी भिंतीच्या महागड्या टाइल्स, गेटवरची नक्षी, वास्तुशांतीचं मोठं जेवण, यातलं काही पुढे ढकलता येतं. नक्षी दोन वर्षांनी लावली तरी चालते. पत्र्याखालचं फॉइल, हवेच्या वाटा, वायरीचे पाइप, माळ्याचे अँगल मात्र बांधकाम चालू असतानाच सोपे आणि स्वस्त पडतात. नंतर करायचं तर पुन्हा पत्रे काढा, पुन्हा भिंत फोडा.

‘तुला त्यातलं काय कळतंय?’ असंही कुणी म्हणेल. चिडू नका. बांधायचं कसं ते मिस्त्रीला कळतं, हे मान्य करा. पण कुठल्या कोपऱ्यात धग लागते, बाळाचा पाळणा कुठे टांगायचा, ज्वारी किती दिवस वर राहते, सासूबाईंना कुठल्या खोलीत झोप लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं तरच कळणार. आणि ते सांगणारी तुम्ही आहात. ‘अहो, पत्रे चढायच्या आधी मला मिस्त्रींशी बोलायचंय’ एवढं एक वाक्य जेवायला वाढताना म्हणून तर बघा.

तुमच्याकडे बांधकाम चालू असेल, तर पत्रे चढले त्याच दिवशी दुपारी दोन वाजता घरातल्या सगळ्यांना त्या खोलीत बोलवा. कामाचं निमित्त काढा, चहा तिथेच द्या. अर्धा तास सगळे बसले, की छताचा विषय तुम्हाला काढावाच लागणार नाही.